लगेज तिकीट

कंडक्टरने आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग मशीनची बटणं दाबत म्हणाला,
तुमचं पूर्ण, हिचं अर्धं.
टपावर ती आडवी, सुतळीने आवळलेली,
खाली मी, काच न लागणाऱ्या खिडकीशी,
परभणी ते सांगली.
बार्शीला चहा. सांगोल्याला कुणाच्या तरी कोंबड्या उतरल्या.
रात्रभर प्रत्येक खड्ड्याला
वरून घंटी वाजायची, एकदाच, टिंग,
आणि मला कळायचं, आहे अजून.

सहा किरकोळ रजा शिल्लक होत्या.
एवढंच कारण. बाकीची नंतर शोधली.

नांद्रे, वसगडे, भिलवडी स्टेशन.
उसाच्या जोडट्रेलरमागून धूळ खात,
ड्रायव्हरची गाणी ऐकत, पलूसकडे.
पंक्चरवाल्याने हवा भरता भरता विचारलं,
कुणाकडं आलायसा?
वायनरी बघायला, म्हटलं.
ते हाय की. पण कुणाकडं?
रसवंतीतल्या बाईने तर
ग्लास हातात द्यायच्या आधी विचारलं.
इथे माणूस कुणाकडे तरी येतो.
नुसता येत नाही.

पहिल्या वायनरीचं फाटक तारेने बांधलेलं.
वॉचमन धोंडिराम कुंभारांनी तार सोडली.
बघा की, बघायला काय पैसं पडत्यात.
आत स्टीलच्या टाक्या, दुमजली, रिकाम्या.
त्यांनी एकीवर काठी मारली.
आवाज बराच वेळ आत फिरत राहिला,
बाहेरची वाट विसरल्यासारखा.
अशा नऊ हायत, म्हणाले,
बँकेनं मोजून नेल्यात, कागदावर.
फरशीवर कुणाकुणाच्या बेदाण्याचे क्रेट.
निघताना ओंजळभर दिले:
आधी गंधक, मग गोड.

दुसऱ्या ठिकाणी प्रणोती मगदूम,
बी.एस्सी. मायक्रो, केसांना दोन पिना.
चार ग्लास मांडून तिने पाठ म्हणायला घेतला.
रंग बघा. फिरवा. नाक आत घाला.
जिभेवर धरा, लगेच गिळू नका.
यात तुम्हाला ब्लॅकबेरी मिळेल,
मागे थोडा सीडार.
ब्लॅकबेरी कशी असते? मी विचारलं.
(वर्गात हे मला कुणी विचारलं असतं
तर मी पान उलटलं असतं.)
मी पाहिली नाही, मॅडम.
आणि ही?
हीपण नाही चाखली. घरी चतुर्दशीचे उपवास असतात.
मी वासावर चालवते.

मी तोंडात धरली.
आधी नुसतं तुरट, कच्च्या सुपारीसारखं,
जिभेला चोळून काढणारं.
मग मागून, नाकाच्या बाजूने, आली
तिसरी ब, दुपारचा पहिला तास,
चाळीस पोरं एकदम टोक काढतायत,
बाकांखाली लाल कडेची लाकडी फुलं.
पेन्सिलीचा भुसा, मी म्हटलं.

तिने ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले.
बाहेर टेम्पो येऊन गेला तरी उघडले नाहीत.
मग छापील कागदावर सीडार खोडलं
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं.
भुसातला भु तिने दीर्घ काढला.
मी राहू दिला.

चार घोटांचं मोजमाप मला येत नाही,
म्हणून भिलवडी स्टेशनपर्यंत सायकल हाताने नेली,
ती डावीकडे, मी उजवीकडे,
बागांच्या तारांवरून संध्याकाळ सरकत असताना.
रसवंतीतली बाई म्हणाली, झाली का भेट?
झाली.
कुणाची, ते यावेळी विचारलं नाही तिने.
मीही सांगितलं नसतं. एकेकाचं नाव घेत
कुठवर जायचं.

सांगली स्टँड, रात्रीचे नऊ.
बाटली टॉवेलात, टॉवेल पाठपिशवीत, पिशवी मांडीवर.
हा कंडक्टर वेगळा, त्याचा नियमही वेगळा:
सायकलीचं पूर्ण लागेल.
दिलं.
मिरज सुटताना पहिला खड्डा. टिंग.
पुढच्या सीटवरचं पोर दचकून उठलं,
आईला विचारलं,
वर कोण बसलंय?